धातूची काच संगणकात बनवा, मग दाबा: लॅम्प्सवर तांबं-झिर्कोनियमचं पहिलं सिम्युलेशन

तांब्याची तार वाकते ती तिच्या स्फटिकांमध्ये डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या रांगांमधले दोष, सरकतात म्हणून. मेटॅलिक ग्लास म्हणजे धातूची काच. तिच्यात अणूंच्या नियमित रांगाच नसतात, त्यामुळे डिसलोकेशनही नसतात. तिथे काही डझन अणूंचा एखादा घोळका भाराखाली अचानक आपली मांडणी बदलतो. आर्गॉन यांनी १९७९ मध्ये हे चित्र मांडलं आणि १९९८ मध्ये फॉक आणि लँगर यांनी ते संगणकावर मोजण्याची पद्धत दिली. असे घोळके एका पातळीत एकापाठोपाठ एक हलले की शिअर बँड, म्हणजे घसरणीचा पट्टा, तयार होतो. पट्टा जेमतेम १०-२० नॅनोमीटर जाड असतो, पण अख्खा नमुना त्याच्यावरून घसरून तुटतो. एका घोळक्याची हालचाल काही पिकोसेकंदांत आटोपते. इतक्या लहान जागेत इतक्या कमी वेळात काय घडलं हे प्रयोगात प्रत्यक्ष पाहणं फार अवघड आहे. मॉलिक्युलर डायनॅमिक्सचा, म्हणजे प्रत्येक अणूवरचं बल मोजून त्याची हालचाल संगणकात पावलापावलाने पुढे नेण्याच्या पद्धतीचा, उपयोग इथेच होतो.

हे मार्गदर्शन पहिल्यांदाच असं सिम्युलेशन चालवणाऱ्यांसाठी आहे. बारावीनंतरचं भौतिकशास्त्र आणि लिनक्सच्या टर्मिनलची तोंडओळख एवढं पुरे. हे सिम्युलेशन चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे लॅम्प्स. त्याच्या कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, फाइलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. नवशिके सगळं लक्ष नमुना दाबण्याच्या टप्प्यावर देतात, कारण स्ट्रेस-स्ट्रेनचा (ताण आणि लांबीतला सापेक्ष बदल यांचा) आलेख तिथे मिळतो. पण तो आलेख कसा येणार हे बरंचसं आधीच, द्रव किती वेगाने थंड केला त्यावर, ठरलेलं असतं. त्यामुळे या लेखात काच बनवण्याला जास्त जागा दिली आहे.

मिश्रधातू कोणता घ्यायचा

धातूची पहिली काच १९६० मध्ये अमेरिकेत कॅलटेकला पॉल ड्यूवेझ यांच्या प्रयोगशाळेत बनली, सोनं आणि सिलिकॉन यांच्या मिश्रणातून. शिकण्यासाठी मात्र तांबं-झिर्कोनियम घ्या. दोनच मूलद्रव्यं असूनही यांची काच सहज होते. ६४ टक्के तांबं आणि ३६ टक्के झिर्कोनियम (अणूंच्या संख्येने) या मिश्रणाच्या २ मिलिमीटर व्यासाच्या सळया तांब्याच्या साच्यात ओतून बनवलेल्या आहेत. म्हणजे ताडून पाहायला प्रयोगातले आकडे मिळतात: दाबाखालची ताकद सुमारे २ गिगापास्कल, यंग मॉड्युलस ९० गिगापास्कलच्या आसपास, काच-संक्रमण तापमान (ज्याच्याखाली द्रव गोठून काच होतो) ७८० केल्विनच्या आगेमागे.

अणूंमधलं बल ईएएम (एम्बेडेड ॲटम मेथड) प्रकारच्या पोटेन्शियलने, म्हणजे अणूंच्या ऊर्जेच्या सूत्राने, मोजायचं. डॉ आणि बास्केस यांनी १९८३-८४ मध्ये ही पद्धत आणली. तिच्यात प्रत्येक अणूची ऊर्जा जोड्यांमधल्या अंतरावर तर ठरतेच, शिवाय शेजाऱ्यांमुळे त्या जागी किती इलेक्ट्रॉन घनता जमते त्यावरही ठरते. तांबं-झिर्कोनियमसाठी मेंडेलेव्ह आणि सहकाऱ्यांची फाइल सर्वाधिक वापरात आहे. ॲल्युमिनियमही घालायचं असेल तर चेंग, मा आणि शेंग यांची. दोन्ही अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या पोटेन्शियल संग्रहातून मोफत उतरवता येतात. मेंडेलेव्हच्या फाइलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या आहेत आणि त्यांची उत्तरं तंतोतंत सारखी येत नाहीत. कोणती घेतली ते वर्षासकट वहीत नोंदवा. काम अर्धं झाल्यावर आवृत्ती बदलायची नाही.

सॉफ्टवेअर आणि मशिन

लॅम्प्स अमेरिकेच्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत तयार झालं आणि मोफत आहे. उबंटूवर पॅकेज मॅनेजरमधून किंवा कोंडा-फोर्जवरून बसवा. विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर मिळतो. स्वतः कंपाइल करणार असाल तर 'मेनीबॉडी' पॅकेज चालू करायला विसरू नका, नाहीतर ईएएमची पेअर स्टाइल ओळखता येत नाही अशी एरर येऊन पहिल्याच मिनिटाला काम थांबेल. चित्रं पाहायला ओव्हिटोची मोफत बेसिक आवृत्ती आणि आलेखांसाठी पायथन, एवढं लागतं.

वेळेचा अंदाज काढायची सोपी रीत अशी: ईएएमसाठी एक कोर सेकंदाला साधारण पाच ते दहा लाख अणू-स्टेप (एका अणूचा एका स्टेपचा हिशेब म्हणजे एक) करतो. ३२,००० अणू आणि ८,५०,००० स्टेप म्हणजे सुमारे २,७०० कोटी अणू-स्टेप. आठ कोरच्या मशिनवर एक ते दोन तासांत होतील. यापेक्षा बरंच मोठं काम असेल तर क्लस्टर हवा. विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत असाल तर चौकशी करा. पुण्याच्या सी-डॅकने बनवलेली 'परम' यंत्रं अनेक संस्थांत आहेत, पुण्यातच आयसरमध्ये 'परम ब्रह्म' आहे. तिथे काम स्लर्म या काम-वाटप सॉफ्टवेअरच्या रांगेत टाकावं लागतं आणि वेळेची मर्यादा असते. म्हणून दर एक-दोन लाख स्टेपनंतर रीस्टार्ट फाइल लिहिण्याची कमांड सुरुवातीपासूनच घाला.

पहिली पायरी: अणू मांडणं

युनिट्स 'मेटल' ठेवा. या पद्धतीत लांबी अँगस्ट्रॉममध्ये, वेळ पिकोसेकंदात, ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये आणि दाब बारमध्ये असतो. १ गिगापास्कल म्हणजे १०,००० बार. हा आकडा पुढे सतत लागणार आहे. सीमा तिन्ही दिशांना पिरिऑडिक (एका बाजूने बाहेर गेलेला अणू समोरच्या बाजूने आत येतो), म्हणजे 'पी पी पी'.

अणू कुठेही विखरून टाकू नका. दोन अणू एकमेकांवर आले तर बल इतकं प्रचंड होतं की पहिल्या काही स्टेपमध्येच अणू बॉक्सबाहेर फेकले जातात आणि 'लॉस्ट ॲटम्स'ची एरर येते. त्याऐवजी एफसीसी लॅटिस (घनाच्या कोपऱ्यांवर आणि पृष्ठांच्या मध्यावर अणू) घ्या, बाजू ४.० अँगस्ट्रॉम. एका एफसीसी पेशीत चार अणू असतात, म्हणजे एका अणूमागे १६ घन अँगस्ट्रॉम जागा येते. या काचेत प्रत्यक्षातही साधारण तेवढीच असते. आधी १० × १० × १० पेशी घेऊन ४,००० अणूंवर सगळी फाइल तपासून घ्या, मग २० × २० × २० पेशी घेऊन ३२,००० अणूंवर जा.

सुरुवातीला सगळे अणू तांब्याचे ठेवा आणि 'सेट' कमांडने त्यातले काही झिर्कोनियम करा. तिच्यातला 'टाइप-फ्रॅक्शन' हा पर्याय फक्त अंदाजे प्रमाण देतो. नेमकं प्रमाण हवं असेल तर 'टाइप-सबसेट' वापरा: ३२,००० अणूंमध्ये ११,५२० झिर्कोनियमचे.

आता पोटेन्शियल. मेंडेलेव्हची फाइल फिनिस-सिंक्लेअर स्वरूपात असल्याने पेअर स्टाइल 'ईएएम-एफएस' लागते, चेंग-मा यांच्या फाइलला 'ईएएम-अलॉय'. 'पेअर कोएफ' ओळीच्या शेवटी मूलद्रव्यांची नावं येतात. पहिलं नाव टाइप १ ला आणि दुसरं टाइप २ ला लागू होतं. इथे क्रम उलटला तर लॅम्प्स एका शब्दानेही तक्रार करत नाही. ते निमूटपणे ६४ टक्के झिर्कोनियमची काच बनवून देतं, कारण अणूंचं वस्तुमानही त्याच फाइलमधून घेतलं जातं. हे पकडायचं तर शेवटी घनता बघा. ३०० केल्विनला ती दर घन सेंटिमीटरला ७.५ ते ७.८ ग्रॅमच्या आसपास हवी. ७ च्या जवळ दिसली तर आधी हीच ओळ तपासा.

दुसरी पायरी: वितळवणं

टाइमस्टेप ०.००२, म्हणजे २ फेम्टोसेकंद. तांबं आणि झिर्कोनियम हे जड अणू आहेत, त्यांना हा चालतो. ॲल्युमिनियम घातलं तर १ फेम्टोसेकंदावर या. शंका असेल तर थोडा वेळ तापमान-दाबाचं नियंत्रण नसलेलं 'फिक्स एनव्हीई' चालवून एकूण ऊर्जा बघा. ती एका दिशेने सरकत असेल तर टाइमस्टेप मोठा झाला आहे.

'फिक्स एनपीटी'ने तापमान २,००० केल्विन आणि दाब शून्य ठेवा. तापमानाचा डॅम्पिंग आकडा १०० टाइमस्टेपएवढा, म्हणजे ०.२, आणि दाबाचा १,००० टाइमस्टेपएवढा, म्हणजे २.० द्या. हे आकडे पिकोसेकंदात असतात, स्टेपच्या संख्येत नव्हे. तिथे १०० लिहिलं तर थर्मोस्टॅट असून नसल्यासारखा होतो.

दाबासाठी या टप्प्यावर 'आयसो' वापरा, 'ॲनआयसो' नाही. द्रव आकारातल्या बदलाला विरोध करत नाही. तिन्ही बाजू स्वतंत्र सोडल्या तर बॉक्स हळूहळू एका बाजूला लांबट आणि दुसऱ्या बाजूला चपटा होत जातो, आणि एखादी बाजू कटऑफच्या (ज्याच्यापलीकडे अणूंमधलं बल मोजत नाहीत त्या अंतराच्या) दुपटीपेक्षा लहान झाली की पुढचा हिशेब बिघडतो. काच घट्ट झाल्यावर, म्हणजे ३०० केल्विनला, 'ॲनआयसो' लावायला हरकत नाही. उलट तिथे तो लावलाच पाहिजे, कारण थंड होताना तिन्ही दिशांना थोडा वेगवेगळा ताण अडकून राहतो.

२,००० केल्विनला किमान २०० पिकोसेकंद, म्हणजे १,००,००० स्टेप, चालवा. वितळलं की नाही याची खूण मीन स्क्वेअर डिस्प्लेसमेंटमध्ये (अणूंच्या विस्थापनाच्या वर्गाच्या सरासरीत) दिसते. ते वेळेबरोबर सरळ रेषेत वाढत राहायला हवं. एका पातळीवर येऊन थांबलं तर अणू अजून आपापल्या जागीच थरथरत आहेत.

तिसरी पायरी: थंड करणं

'फिक्स एनपीटी'त सुरुवातीचं तापमान २,००० आणि शेवटचं ३०० द्या. वेग वेगळा लिहावा लागत नाही, 'रन'मध्ये किती स्टेप दिल्या त्यावरून तो ठरतो. सेकंदाला एक लाख कोटी केल्विन (१० चा १२ वा घात) हा वेग हवा असेल तर १,७०० केल्विन उतरायला १.७ नॅनोसेकंद, म्हणजे ८,५०,००० स्टेप लागतात. दसपट वेगाने ८५,००० स्टेप. सेकंदाला एक हजार कोटी केल्विन (१० चा १० वा घात) हवा असेल तर साडेआठ कोटी स्टेप, म्हणजे आठ कोरवर चार ते आठ दिवस.

प्रयोगात साच्यात ओतलेली सळई सेकंदाला शेकडो केल्विनच्या वेगाने थंड होते. म्हणजे संगणकातली सर्वांत संथ काचही प्रत्यक्षातल्या काचेच्या मानाने घाईत गोठलेली असते. तिच्यात मोकळी जागा थोडी जास्त राहते, अणूंची मांडणी कमी पक्की असते, ऊर्जा जास्त असते. दाबल्यावर तिच्यात एकाच पट्ट्यात घसरण्याऐवजी सगळीकडे थोडंथोडं हलण्याकडे कल असतो. संथ थंड केलेली काच मात्र आधी स्ट्रेसचं टोक गाठते, मग एकदम खाली येते आणि शिअर बँड दाखवते. त्याच मिश्रधातूची, तेवढ्याच अणूंची, पण दहा लाख कोटी आणि एक हजार कोटी अशा दोन वेगांनी थंड केलेली काच दाबली तर दोन निराळे पदार्थ दाबल्यासारखे आलेख येतात. म्हणूनच थंड करण्याचा वेग न देता नुसता आलेख दाखवला तर त्यावरून वाचणाऱ्याला काही ठरवता येत नाही.

सुरुवातीला लाख कोटीचा वेग घ्या. फाइल नीट चालायला लागली की एका नमुन्यासाठी तरी दसपट संथ जा.

३०० केल्विनला आल्यावर 'ॲनआयसो' लावून २०० पिकोसेकंद आराम द्या. तीनही दिशांचा सरासरी दाब शून्याजवळ आला पाहिजे. इथे सरासरीच बघायची. ४,००० अणूंच्या बॉक्समध्ये क्षणाक्षणाचा दाब हजार-दोन हजार बारनेही वरखाली होऊ शकतो, त्याने घाबरून जायचं कारण नाही.

काच झाली का?

हा टप्पा गाळू नका. चार गोष्टी पाहायच्या.

थंड होताना लिहिलेल्या घनफळाचा तापमानाशी आलेख काढा. वरच्या आणि खालच्या भागाचा उतार वेगळा दिसेल. दोन रेषा जिथे मिळतात ते या सिम्युलेशनचं काच-संक्रमण तापमान. ते ७०० ते ८५० केल्विनच्या पट्ट्यात यायला हवं. घनफळ एखाद्या तापमानाला एकदम कोसळलं असेल तर नमुना स्फटिक झाला.

रेडियल डिस्ट्रिब्युशन फंक्शन (आरडीएफ) काढा, म्हणजे एका अणूपासून कोणत्या अंतरावर किती अणू सापडतात त्याचा आलेख. काचेत पहिला उंच शिखर आणि त्यानंतर दुभंगलेला दुसरा शिखर दिसतो, पुढे सगळं सपाट होत जातं. दूरवर टोकदार शिखरं दिसत असतील तर ती स्फटिकाची खूण. पहिल्या शिखरानंतरचा खोलगट बिंदू नोंदवून ठेवा. तो ३.८ ते ४ अँगस्ट्रॉमच्या आसपास असतो आणि पुढे ओव्हिटोत कटऑफ म्हणून लागतो.

ओव्हिटोत 'कॉमन नेबर ॲनालिसिस' लावा. एफसीसी, बीसीसी आणि एचसीपी या स्फटिकरचनांचे मिळून नगण्य अणू दिसले पाहिजेत.

चौथी गोष्ट व्होरोनॉय विश्लेषण, म्हणजे प्रत्येक अणूच्या वाट्याची जागा आखून त्याचे शेजारी मोजणं. या मिश्रणात तांब्याभोवती बारा शेजाऱ्यांचा पूर्ण आयकोसाहेड्रन (वीस त्रिकोणी पृष्ठांची आकृती), म्हणजे ०, ०, १२, ० या निर्देशांकाची रचना, महत्त्वाची मानली जाते. संथ काचेत अशा रचना जास्त सापडतात आणि भाराला तोंड देणारा सांगाडा बराचसा त्यांचाच असतो. अणूंचे आकार वेगळे असल्याने त्रिज्या लक्षात घेण्याचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर झिर्कोनियमची विभागणी चुकते.

दोन वेगांच्या काचा तुलनेला घ्यायच्या असतील तर दोघींना 'मिनिमाइझ' करून (ऊर्जा किमान होईपर्यंत अणू सरकवून) अणूमागची ऊर्जा बघा. फरक काही मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो, पण संथ काच खाली असलीच पाहिजे. उलट आलं तर कुठेतरी गडबड आहे.

चौथी पायरी: दाबणं

प्रयोगात या काचेची चाचणी बहुतेक वेळा दाबूनच घेतात, कारण ओढल्यावर ती फारशी न वाकता तुटते. तुलना सोपी जावी म्हणून आपणही दाबू.

झेड दिशेला 'फिक्स डिफॉर्म', त्यात 'ईरेट' उणे ०.०००१, आणि 'रीमॅप एक्स'. वेळ पिकोसेकंदात असल्याने ०.०००१ म्हणजे सेकंदाला दहा कोटी (१० चा ८ वा घात) एवढा स्ट्रेन रेट. २० टक्के स्ट्रेनला २ नॅनोसेकंद, म्हणजे दहा लाख स्टेप. 'ईरेट' हा मूळ लांबीवर मोजलेला दर असतो, चालू लांबीवरचा हवा असेल तर 'ट्रेट'. उणे चिन्ह विसरलात तर नमुना ओढला जाईल.

सोबत 'फिक्स एनपीटी' ३०० केल्विनला, पण दाब फक्त एक्स आणि वाय दिशांना शून्य. झेड दिशा 'फिक्स डिफॉर्म'कडे आहे. तीच दिशा एनपीटीलाही दिली तर लॅम्प्स एरर देऊन थांबतं, आणि ते योग्यच आहे. एक्स आणि वाय सोडलेच नाहीत तर नमुना बाजूला फुगू शकत नाही. मग मोजलेला स्ट्रेस साध्या दाबाचा राहत नाही, तो बराच जास्त येतो.

स्ट्रेनचं व्हेरिएबल लिहिताना एक हमखास घोटाळा होतो. सुरुवातीची लांबी साठवायला 'एल-शून्य बरोबर एलझेड' असं इक्वल प्रकारचं व्हेरिएबल लिहिलं की लॅम्प्स ते प्रत्येक वेळी नव्याने मोजतं. त्यामुळे एल-शून्यही चालू लांबीएवढंच राहतं आणि स्ट्रेन पूर्ण वेळ शून्य छापला जातो. उपाय दोन ओळींचा आहे. आधी एक तात्पुरतं व्हेरिएबल करा, मग एल-शून्यमध्ये त्याची किंमत डॉलर चिन्ह आणि महिरपी कंसात लिहून घ्या. असं लिहिलं की त्या क्षणाचा आकडा कायमचा गोठतो.

लॅम्प्समध्ये दाबलेल्या नमुन्याचा पीझेडझेड धन येतो. म्हणून दाबताना स्ट्रेस म्हणजे पीझेडझेड भागिले १०,०००, उत्तर गिगापास्कलमध्ये. ओढताना त्याच्यापुढे उणे चिन्ह. प्रत्येक स्टेपचा स्ट्रेस छापला तर आलेखात नुसती झालर दिसते. 'फिक्स एव्ह-टाइम'ने १,००० स्टेपची सरासरी घ्या.

उतार पहिल्या दोन टक्के स्ट्रेनमधूनच मोजा. प्रयोगात ही काच सुमारे दोन टक्क्यांपर्यंत लवचिक राहते, सिम्युलेशनमध्ये शिखर पाच ते आठ टक्क्यांवर येतं आणि ताकदही प्रयोगापेक्षा जास्त दिसते. यात कोड चुकलेला नसतो. प्रयोगशाळेत स्ट्रेन रेट बऱ्याचदा सेकंदाला ०.०००१ असतो, इथे दहा कोटी आहे, म्हणजे बारा घातांचा फरक. अणूंना उष्णतेच्या मदतीने जागा बदलायला वेळच मिळत नाही. शिवाय लहानशा निर्दोष नमुन्यात घसरण सुरू व्हायला पृष्ठभागावरची खाच किंवा भेग नसते. त्यामुळे आकड्यांची बरोबरी साधायला जाऊ नका. दोन रचना किंवा दोन वेगांनी थंड केलेल्या काचा एकाच दराने दाबा आणि त्यांची आपापसात तुलना करा, ती खात्रीची असते.

थर्मोस्टॅटबद्दलही सावध राहा. घसरणाऱ्या पट्ट्यात उष्णता निर्माण होते आणि सगळ्या अणूंवर लावलेला थर्मोस्टॅट ती लगोलग काढून घेतो. पट्ट्याचं तापमान हाच अभ्यासाचा विषय असेल तर थर्मोस्टॅट फक्त कडेच्या थरांना लावा.

पाचवी पायरी: चित्रात काय बघायचं

डम्प फाइलमध्ये आयडी, टाइप आणि जागा लिहा, आणि 'डम्प मॉडिफाय'मधून आयडीनुसार क्रम लावा. आयडी नसेल तर ओव्हिटोला आधीचा कोणता अणू आताचा कोणता हे कळत नाही आणि सगळा बॉक्स रंगीबेरंगी गोंगाटाने भरतो. प्रत्येक टक्का स्ट्रेनला एक फ्रेम पुरते, त्याहून जास्त लिहिल्या तर डिस्क भरते.

ओव्हिटोत 'ॲटॉमिक स्ट्रेन' मॉडिफायर लावा. संदर्भ फ्रेम शून्य, कटऑफ आरडीएफमधून नोंदवलेला, साधारण ४ अँगस्ट्रॉम. कटऑफ फार लहान घेतला तर काही अणूंना पुरेसे शेजारी मिळत नाहीत आणि ते 'इनव्हॅलिड' दाखवले जातात. मग शिअर स्ट्रेननुसार रंग द्या, पट्टी ० ते ०.४. पट्टी आपोआप ठरू दिली तर एखाद-दुसऱ्या अतिहललेल्या अणूमुळे बाकी सगळं निळं दिसतं. त्याच मॉडिफायरमध्ये नॉन-ॲफाइन स्क्वेअर्ड डिस्प्लेसमेंट मागता येतं. ही फॉक आणि लँगर यांची 'डी-स्क्वेअर-मिन' राशी. शेजाऱ्यांच्या एकसारख्या ताणण्याने समजावता न येणारी हालचाल किती झाली ते ती सांगते. घोळके नेमके कुठे हलले हे शोधायला शिअर स्ट्रेनपेक्षा ती चांगली.

हलणं एका पट्ट्यात गोळा झालं की सगळीकडे पसरलं, हे नुसत्या नजरेवर सोडू नका. सगळ्या अणूंच्या शिअर स्ट्रेनचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. एकाच एकूण स्ट्रेनला ज्या नमुन्यात ते जास्त, तिथे लोकलायझेशन जास्त.

शिअर बँड हवा असेल तर

३२,००० अणूंच्या, आठ नॅनोमीटरच्या, तिन्ही बाजूंनी पिरिऑडिक बॉक्समध्ये ठळक शिअर बँड सहसा दिसत नाही. पट्ट्याची जाडीच बॉक्सएवढी असते, आणि एका बाजूने बाहेर गेलेला पट्टा दुसऱ्या बाजूने आत येताना स्वतःलाच अडवतो. लांबट नमुना आणि मोकळा पृष्ठभाग या दोन्ही गोष्टी लागतात.

बनवलेली काच 'रेप्लिकेट'ने एक्सला १, वायला ३, झेडला ६ पट करा. ५,७६,००० अणूंची, साधारण ८ × २४ × ४८ नॅनोमीटरची फळी मिळते. एवढा मोठा द्रव संथ थंड करण्यापेक्षा हे खूप स्वस्त पडतं. पण नक्कल केलेल्या तुकड्यांत तीच रचना पुनःपुन्हा येते. ती मोडण्यासाठी काच-संक्रमणाच्या ५०-१०० केल्विन खाली, समजा ७०० केल्विनला, अर्धा ते एक नॅनोसेकंद ठेवा आणि परत ३०० वर आणा. अणूंना वेग देताना नवीन सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) वापरा, नाहीतर अठरा तुकडे एकसारखेच हलतील.

मग 'चेंज बॉक्स'ने वाय दिशेची सीमा 'एस', म्हणजे श्रिंक-रॅप, करा आणि पृष्ठभागाला १०० पिकोसेकंद स्थिरावू द्या. आता एनपीटी फक्त एक्सला लागेल. काहीजण पिरिऑडिक सीमा तशीच ठेवून वाय दिशेला पोकळी सोडतात. तेही चालतं, पण मग लॅम्प्स स्ट्रेस काढताना पोकळीसकट सगळ्या बॉक्सच्या घनफळाने भागतं आणि आकडा कमी येतो. तो बॉक्सच्या घनफळाने गुणून नमुन्याच्या घनफळाने भागावा लागतो.

पट्टा दाबाच्या दिशेशी ४५ अंशांच्या आसपास तिरका उठतो. तो ठरावीक जागीच सुरू व्हावा असं वाटत असेल तर पृष्ठभागावर एक-दोन नॅनोमीटरची खाच करा, आणि अहवालात तसं लिहा, कारण खाचेमुळे शिखराचा स्ट्रेसही खाली येतो.

एकच नमुना दाबून निष्कर्ष काढू नका. २,००० केल्विनच्या द्रवातून ५० पिकोसेकंदांच्या अंतराने तीन ते पाच वेगवेगळ्या मांडण्या उचला आणि प्रत्येकीला तेच सगळं करा. शिखराच्या स्ट्रेसमधला नमुन्यागणिक फरक कळला की दोन वेगांमधला फरक खरा आहे की योगायोगाचा ते सांगता येतं.

स्फटिक मिश्रधातू दाबायचा असेल तर

दाबण्याच्या कमांड त्याच राहतात, तयारी बदलते. वितळवणं आणि थंड करणं गळतं. त्याऐवजी 'ॲटम्स्क' या प्रोग्राममधून व्होरोनॉय पद्धतीने दाणेदार नमुना बनवा, दाण्यांच्या सीमांवर २ अँगस्ट्रॉमपेक्षा जवळ आलेले अणू काढून टाका, 'मिनिमाइझ' करा आणि मग आराम द्या. एकसंध निर्दोष स्फटिक घेतला तर स्ट्रेस अवास्तव वर जातो आणि मग एका झटक्यात कोसळतो, कारण आत एकही डिसलोकेशन नसल्यामुळे ती नव्याने जन्मावी लागते. शुद्ध तांब्यासाठी मिशिन आणि सहकाऱ्यांचा २००१ चा पोटेन्शियल चांगला आहे.

अनेक मूलद्रव्यांच्या हाय-एंट्रॉपी मिश्रधातूंत अणू 'टाइप-सबसेट'नेच वाटता येतात. पण खऱ्या मिश्रधातूत काही जोड्यांना एकमेकांशेजारी राहणं जास्त पसंत असतं. ती स्थानिक सुव्यवस्था हवी असेल तर दाबण्याआधी 'फिक्स ॲटम-स्वॅप'ने अणूंची अदलाबदल चालवा, जोवर ऊर्जा खाली यायची थांबत नाही तोवर.

विश्लेषणात इथे 'कॉमन नेबर ॲनालिसिस' आणि 'डीएक्सए' हे दोन मॉडिफायर मुख्य. डीएक्सए डिसलोकेशनच्या रेषा शोधून त्यांची एकूण लांबी देतं. काचेवर ते लावू नका. त्याला आधी स्फटिकाची रचना ओळखावी लागते, आणि काचेत ती सापडतच नाही.